पहाटे पाचचं तापमान

२ जानेवारी १९८७, शुक्रवार

आज ५२ लिहिले. काल ५१. परवा साडेएक्कावन्न — तो वरचा अर्धा तर मला फारच आवडला. मनापासून मोजणारी बाईच अर्धा लिहील ना!

खरं पाणी आज सकाळी १४ होतं. बादलीत हात घातला आणि बाहेर काढल्यावर बोटं मोजून घेतली.

एकोणीस डिसेंबरपासून यंत्र बंद आहे आणि मी रोज तक्त्यात पहाटे पाचचं तापमान भरते आहे. दर शनिवारी तक्ता नागपूरला जातो. खाली सही — रंभा खोब्रागडे, गृहपाल, मुलींचे वसतिगृह. तेवढी सही मात्र खरी.

३ जानेवारी

सावित्रीबाईंची जयंती. फोटोला हार घातला आणि एक्केचाळीस मुलींपुढे खरेपणावर अर्धा तास बोलले! मंगली सातवीत आहे, पुढच्या रांगेत बसते आणि पापणी न हलवता माझ्याकडे बघते. ती म्हणाली, "मॅडम, आज तुम्ही लय मस्त बोलल्या." खोलीत आले आणि ५१ लिहिले.

मग स्वतःचाच असा राग आला की ही वही काढली. निदान इथे तरी खरं लिहीन. इथे कोण बघतंय?

तर खरं असं. नागपूरच्या एका कॉलेजने तीन वसतिगृहांना तीन यंत्रं दिली, प्रयोग म्हणून. नाव भारदस्त — उष्मापंप. आमचं ऑक्टोबरात आलं. सरपण नको, तापणारी कांडी नको. फ्रीज आतली ऊब बाहेर टाकतो ना, तेच उलटं करायचं. बाहेरच्या हवेतली ऊब ओढायची आणि टाकीतल्या पाण्यात सोडायची. पुढून गार वारा, मागून गरम पाणी! पहिल्या दिवशी मुली एक हात वाऱ्यात आणि एक पाण्यात घालून किंचाळत होत्या. मीही किंचाळले, पण गृहपालाला शोभेल इतपत.

अट एकच. रोजचं तापमान लिहायचं. बंद पडलं तर कळवायचं, ते घेऊन जातील. घेऊन जातील! दुरुस्त करून देतील असं कागदावर कुठेच नाही. म्हणून नाही कळवलं.

यंत्र नव्हतं तेव्हा मुली संध्याकाळी सरपणाला जायच्या. अस्वलाचा माग असलेल्या वाटेने. एवढं करून आठवड्यातून दोनदा कोमट पाणी, बाकी दिवस अंघोळीला बुट्टी. सगळ्यांच्या बोटांच्या बेचक्यात खरूज. गेल्या वर्षी तीन आयांनी मुली घरी नेल्या — "इथी शिकून नाई राह्यली, खाजवून राह्यली." दोन महिने गरम पाणी मिळालं तर खरूज गेली! आता परत खाजवायला लागल्यात. हे बघून मी ५१ लिहिते. हसू येतं आणि रडूही येतं.

५ जानेवारी

पत्र!!

"आपल्या वसतिगृहाचे आकडे तीनही ठिकाणांत सर्वाधिक समाधानकारक असून, यंत्राची प्रत्यक्ष पाहणी करण्याकरिता मी दि. २० रोजी येत आहे. — गु. ल. बोरकुटे, अधिव्याख्याता."

सर्वाधिक समाधानकारक! मला उचकी लागली. ठमाबाईंनी गूळ दिला, पाणी दिलं, पाठीत गुद्दा घातला. ठमाबाई आमच्या स्वयंपाकीण. यंत्राला त्या "बुढा" म्हणतात, कारण ते खोकतं, थरथरतं आणि कुणाचं ऐकत नाही. म्हणाल्या, "काऊन घाबरता मॅडमबाई? बुढा मेला तं मेला. सायेबाले सांगून टाका."

सांगितलं तर यंत्र जाईल. नाही सांगितलं तर वीस तारखेला ते येतील, टाकीत हात घालतील, आणि यंत्राबरोबर माझी नोकरीही जाईल. वसतिगृह ज्याच्या हाताखाली आहे ते आदिवासी प्रकल्प कार्यालय खोट्या नोंदीवर निलंबन करतं, हे माहीत आहे मला.

पंधरा दिवस आहेत. यंत्राबरोबर आलेली अकरा पानांची पुस्तिका काढली. इंग्रजी! डिक्शनरी घेतली. रात्री जेवताना एक्केचाळीस मुलींना सांगून टाकलं — बुढा मी दुरुस्त करणार. टाळ्या पडल्या. आता पळता येणार नाही.

६ जानेवारी

देवराव पिठगिरणीवाल्याकडे पाने आणि टेस्टर मागायला गेले. "कायले पायजे?" सांगितलं. त्याने गिरणी बंद केली — माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून! "बाई, हे बायकायचं काम नाई." म्हटलं, पुरुषांचं असतं तर तीन आठवड्यांत एकतरी आला असता. हसला आणि अख्खी पिशवी दिली. वर टेस्टर कसा धरायचा तेही शिकवलं. "मेन बंद केल्याशिवाय बोट घालसान नाई. भूत होसान अन् माह्याच गिरणीत येसान."

मेन बंद केला. दोनदा बघितला. स्टार्टरचा डबा उघडला आणि आत एक पाल! दोन पत्र्यांच्या मधोमध, वाळून पापड झालेली. पत्रे एकमेकांना टेकतच नव्हते. एकोणीस डिसेंबरपासून एका पालीने माझ्याकडून खोटं लिहून घेतलं.

चिमट्याने काढली, पत्रे कागदाने घासले, डबा लावला, मेन चालू, बटण हाताने दाबलं. खट्. घर्रर्र — आणि बुढा खोकला! सगळ्या मुली धावत आल्या. मी ठमाबाईंना मिठी मारली. त्यांच्या हातातलं पीठ माझ्या केसांत.

इंजिनियर रंभा वामनराव खोब्रागडे!

७ जानेवारी

इंजिनियर कसली! पहाटे पाचला पाणी २३.

इथे दिवसा वीज अशक्त असते, म्हणून यंत्राला घड्याळाचं बटण आहे. रात्री दोनला सुरू होतं, पाचला बंद. म्हणजे तीन तास चाललं आणि नऊ अंश चढले. ऑक्टोबरात पन्नास व्हायचं! यंत्र स्वयंपाकघराच्या मागे, पडवीत. जाऊन बघते तर पुढच्या जाळीवर बर्फ. डोंगरावर थंडी असते, पण बर्फ मी आजवर गोळेवाल्याकडेच पाहिला होता. खाली टपटप पाणीही पडत होतं.

ठमाबाई म्हणाल्या, "हिव भरलं बुढ्याले." म्हटलं, होय, मलाही भरलंय.

तक्त्यात २३ लिहिले. पेन हातात जड झालं होतं. पण लिहिले.

८ जानेवारी

पुस्तिका पान ७: जाळीवर बर्फ धरला तर वारा नीट जात नाही असे समजावे. जाळीच्या पातळ पट्ट्या वाकल्या असतील तर विशिष्ट फणीने सरळ कराव्यात.

विशिष्ट फणी कुठून आणू? मग आठवलं, आमच्याकडे एक्केचाळीस विशिष्ट फण्या आहेत! उवांच्या! बारीक दातांच्या, लाकडी. दुपारभर मी आणि मंगली बुढ्याचे केस विंचरत बसलो. पट्ट्यांतून पानं निघाली, कापूस निघाला, एक बांगडीचा तुकडा निघाला. मंगलीने प्रामाणिकपणे जाहीर केलं, "उवा नाई हायेत मॅडम."

आज नक्की.

९ जानेवारी

२५. आणि परत बर्फ. जास्तच.

१० जानेवारी

पुस्तिका पान ८: नळीच्या सांध्यातून वायू गळत असल्यास साबणाचा फेस लावून पाहावे, बुडबुडे येतील. वायू कमी झाला तरी बर्फ धरतो.

साबणाचा स्टॉक पाचच वड्या. ठमाबाईंनी रिठे कुटून दिले. काय फेस! सांध्यांवर लावला, मग मुलींच्या नाकांवर, मग एका पोरीने माझ्याही नाकावर. बुडबुडा म्हणून एक नाही. म्हणजे वायू जागेवर आहे. म्हणजे बरं झालं. म्हणजे काय झालंय तेच कळत नाही!

आज शनिवार. खरा तक्ता पोस्टात टाकायला गेले आणि परत घेऊन आले. ५२ नंतर एकदम २३ बघून ते वीसच्या आधीच येतील. मग त्याच आठवड्याचा ५१-५२चा एक खोटाही भरला, तोही टाकवेना. दोन्ही तक्ते — खरा नि खोटा — उशीखाली. मला वाटतं उशी हलते.

११ जानेवारी, रविवार

आज गंमत झाली. दुपारी वीज जरा बरी होती. म्हटलं, बघू तरी. बारा वाजता बटण हातानेच चालू केलं आणि समोर पाट टाकून बसले. तीन तास, हलले नाही. बर्फ नाही! जाळी नुसती घामेजली. तीनला थर्मामीटर टाकला — ४८!!

मी पाटावरून उठून नाचले. खरंच नाचले. मग मुली नाचल्या. आमच्याकडे एकीने सुरू केलं की रेला नाच थांबत नाही, एकमेकींच्या कमरेत हात घालून पडवीभर गोल. देवराव पाने परत न्यायला आला होता, तो दारातच थांबला. "मॅडम, सुधरला का?" म्हटलं, सुधारला! पाने घेऊन जा! 

वीस मुलींनी रविवारी दुपारी कढत पाण्याने डोकी धुतली.

१२ जानेवारी

२४.

पाने परत मागून आणले. देवराव काही बोलला नाही. न बोलण्याचे त्याने वेगळे पैसे घेतले असते तरी मी दिले असते.

दिवसा ४८, पहाटे २४. तेच यंत्र, तीच वीज, उलट पहाटेची जास्त बरी. थंडीने म्हणावं तर पुस्तिका म्हणते थंडीतही चाळीस तरी व्हायला हवं. मग पहाटे काय होतं? सगळं पुन्हा तपासलं. पंखा फिरतो. पाणी वाहून जायचं भोक मोकळं. पट्ट्या सरळ, माझ्या भांगापेक्षा सरळ.

आठ दिवस राहिले. डोकं दुखतंय.

१३ जानेवारी

डोकं यंत्रामुळे नव्हतं दुखत. हिवताप. दुपारी चारला थंडी भरली, दात असे वाजले की अभ्यासाला बसलेल्या पोरी वळून बघायला लागल्या. मलेरियाचा माणूस काचेवर रक्त घेऊन गेला आणि गोळ्या देऊन गेला. कडू जहर. कान वाजताहेत.

१४ जानेवारी, संक्रांत

अंगात ताप आहे, हात कापतोय, पण हे आत्ताच्या आत्ता लिहिलंच पाहिजे!!

दुपारी परत थंडी भरली. दोन चादरी, एक शाल, तरी खाट हलत होती. ठमाबाई आल्या. एका हातात तिळगुळ, खांद्यावर जाडजूड गोधडी. माझ्या अंगावर टाकली. ओली! दमट, आणि तिला वंगणाचा वास. मी कुडकुडत म्हटलं, ठमाबाई, ही कुठली गोधडी?

"बुढ्याची."

कुणाची?

"बुढ्याची, मॅडमबाई! त्याले बी हेच हाये ना. आंगावर बरफ, कसा थरथरा कापते, अन् पोटात आग. हिवताप नाई तं काय हाये हा? माणसाले भरलं का आपण पांघरूण घालतो, त्याले कोण घालन? तुम्ही आठ दिस त्याची फणी करून राह्यल्या, गोधडी नाई घातली कोणी. पयल्या दिसापासून पाहाटं चुलीले उठली का टाकली म्या."

आणि काढता कधी?

"घाम फुटला का. टपटप पाणी पडते ना खाली. घाम फुटला म्हंजे उतरलं. तुम्ही उठाच्या आधी काढून वाळू घातली."

मी थंडीने हलत होते का हसण्याने, ते ठमाबाईंना कळेना. त्या घाबरल्या, मंगलीला हाक मारायला लागल्या. मी त्यांचा हात धरून नुसती म्हणत होते, ठमाबाई, गोधडी! ठमाबाई, गोधडी!

पुढून वारा ओढायचा तर जाळी उघडी हवी. ठमाबाई तीनला उठतात, थंडीत जाळीवर जरासा बर्फ धरलेला बघतात, गोधडी टाकतात. वारा बंद. मग बर्फच बर्फ. दिवसा गोधडी नसते म्हणून ४८! अकरा पानांच्या पुस्तिकेत सगळे रोग आहेत, माया नाही.

आणि तिचं निदान तरी काय चुकलं? वरून गार, आतून गरम, अंग थरथरतंय. आपल्या डोंगरावर हे बघून दुसरं काय कुणाला सुचेल?

१५ जानेवारी

ताप उतरला. (घाम फुटला!) ठमाबाईंना पडवीत घेऊन गेले आणि समजावलं. हा आजारी नाही, वाऱ्यातली ऊब पितो, तोंड झाकलं तर उपाशी राहतो.

त्यांनी जाळीवरून हात फिरवला. मग डोळ्यांना पदर लावला. "म्हंजे म्याच मारून राह्यली होती का त्याले?" मला फार वाईट वाटलं. आठ दिवस एकटीच त्याची काळजी करत होत्या बिचाऱ्या.

"मंग गोधडी कुठीच नाई घालाची?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात नजर मागे गेली. टाकी! टाकी मागे उघडी आहे, भुशाचा लेप वरून फुटलाय, रात्रभर ऊब वाया जाते. म्हटलं, ठमाबाई, तोंडावर नको, पोटावर घाला! त्यांनी दोन गोधड्या आणल्या, टाकीला गुंडाळल्या आणि वरून काथ्याने अशा बांधल्या की बाळंतिणीचं पोट बांधावं.

१६ जानेवारी

५०!!!

खरे ५०! तीनदा बघितलं. मंगलीला बघायला लावलं. ठमाबाईंना आकडे येत नाहीत, त्यांनी कोपर घातलं आणि म्हणाल्या, "हाऊ!"

आजच्या पाळीच्या वीस मुली पहाटे पाचला वाफेत गात होत्या. मी दाराबाहेर उभी राहून ऐकत होते. असलं सुख पगारात नसतं.

१७ जानेवारी

५२. ऑक्टोबरपेक्षा दोन जास्त! गोधड्यांचे दोन. तक्त्यात ५२ लिहिताना हसू आलं — हाच आकडा मी पंधरा दिवसांपूर्वी मनाने लिहिला होता. दिसायला अगदी सारखा.

१९ जानेवारी

५३. पडवी सारवली. मुलींच्या वेण्या, माझी निळी साडी. ठमाबाई विचारतात, सायेब काय खातो. मला काय माहीत? सरकारी मराठी खात असेल.

२० जानेवारी

आले. गेले.

कुठून सुरू करू! पत्रातला गु. ल. बोरकुटे म्हणजे मी एक टक्कल, एक ढेरी आणि एक ब्रीफकेस धरून चालले होते. राजुऱ्याच्या बसमधून उतरला तो तिशीचा माणूस, खांद्याला शबनम, पायात टायरच्या चपला. आणि पत्रात "करण्याकरिता" लिहिणारा तोंडाने म्हणतो, "नमस्कार बाई. बापरे, काय थंडी हाये तुमच्या इकडे! मी ब्रह्मपुरीचा, आमच्याकडे असं नाई."

टाकीत हात घातला आणि ओढून घेतला, "अगाई!" मग सरळ मातीत बसला, यंत्राला कान लावला, डोळे मिटले. दहा मिनिटं! मुली तोंडावर हात ठेवून हसत होत्या. मग गोधड्या दिसल्या. "हे कोणी केलं?" मी ठमाबाईंना पुढे केलं. त्यांनी सगळं सांगितलं — हिव, पोटातली आग, घाम, सगळं.

तो हसला नाही. खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं. मधेच विचारलं, "घाम किती वाजता फुटे बाई?" ठमाबाईंनी विचार करून सांगितलं, कोंबड्याच्या दुसऱ्या बांगेला. त्याने तेही लिहिलं.

तिथेच माझं काहीतरी झालं. लिहूनच टाकते, लाजू कुणाला? मला तो आवडला. सव्वीस वर्षांत इतका कुणी आवडला नाही. मान खाली घालून एका स्वयंपाकिणीचं म्हणणं शब्दन् शब्द लिहून घेणारा माणूस! जेवताना ज्वारीची भाकर चुरून खात होता आणि मी वाढताना दोनदा वरण पाटावर सांडलं. मंगलीने बघितलं. तिला सगळं कळतं.

जेवणानंतर पडवीत आम्ही दोघंच. त्याने माझे तक्ते काढले. आवाज खाली आणला.

"खोब्रागडेबाई, येताना विजेच्या हापिसात जाऊन आलो. तेवीस, चोवीस, पंचवीस डिसेंबर तुमच्या डोंगराची लाईनच बंद होती. तीन दिवस. अन् तुमचं पाणी — ५१, ५२, ५१."

मी विसरलेच होते! त्या तीन रात्री मुली कंदिलावर अभ्यास करत होत्या. आणि मी त्याच कंदिलाच्या उजेडात ५२ लिहिले!

मी खोटं बोलले नाही. म्हणजे, आता नाही बोलले. सगळं सांगितलं. पाल, फणी, रिठे, ताप. तो म्हणाला, "मशीन बंद पडली ह्याचं काई नाई हो. तिन्ही बंद पडल्या. एकीने वापस पाठवली, एकीत आता धान्य ठेवतात. सुधारली फक्त तुम्ही. मले तेच पायजे होतं — कशी बिघडली, काय काय पाह्यलं, काय चुकलं. ते लिहून असतं तं वीस वसतिगृहायले मशीन मंजूर करून घेतली असती. आता खोट्या तक्त्यावर सही कशी करू? कागद खरा नाई तं प्रयोग नाई. सव्वीस तारखेच्या आत खरं काही लिहून आलं नाई तं मशीन न्याले गाडी पाठवा लागन."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. पाचच्या बसने गेला. खिडकीतून हात हलवला. मीही हलवला, भाकरीच्या पिठाचा.

२१ जानेवारी

नोंद आहे ना! ही वही!

दिवसभर कोऱ्या कागदावर उतरवत बसले. सहा तारीख, पाल. आठ तारीख, फणी. स्वच्छ अक्षर, समास, तांबड्या शाईने तारखा. चार पानं झाली आणि वाचून बघितली. हुबेहूब माझ्या तक्त्यासारखी दिसतात. सुबक. मीच विश्वास ठेवला नसता, तो कसा ठेवेल?

फाडून चुलीत घातली.

२२ जानेवारी

५३. वीस मुली न्हाल्या. सगळ्यांची खरूज वाळायला लागली, आज ओळीने हात बघितले.

मूळ वहीच पाठवायची तर खोटे आकडे माझ्याच अक्षरात कबूल. अहवालाबरोबर ती प्रकल्प कार्यालयात जाईल. निलंबन झालं तर झालं, गरम पाणी राहील. हे ठरवायला मला भाकरी भाजून होईपर्यंतचा वेळही लागला नाही, आणि मग किती हलकं वाटलं! 

पण वीस तारखेचं पान? पट्टी ठेवली. पान धरलं. मग सुचलं — एक पान फाडलेली वही कोण खरी मानेल?

२३ जानेवारी

बोरकुटे सर, पहाटे पाचचं तापमान ५२. हे पाकीट आजच्या बसने येतंय. सगळी पानं मोजून घ्या, एकही कमी नाही. वीस तारखेचंही खरं आहे.